दीड टनाचा एसी, अडीचची वायर आणि बत्तीसचा एमसीबी

२२ सप्टेंबर २०२५ला एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी हिशेब मांडायला घेतला. दुकानात तारे मोजले जातात, हप्ते मोजले जातात, इन्स्टॉलेशनचे पैसे वेगळे कशाला म्हणून घासाघीस होते. भिंतीतली वायर किती जाडीची आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. ती चौकशी सुरू होते मे महिन्यात, रात्री साडेअकराला एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप बंद होणारा बोर्डातला खटका, पडल्यावर. तिसऱ्यांदा पडला की वायरमनला फोन जातो. तो येतो, बोर्ड उघडतो, “साहेब, लोड घेत नाहीये, मोठा टाकून देतो” म्हणतो आणि वीस अँपिअरचा काढून बत्तीसचा बसवतो. एसी चालू होतो, सगळे झोपतात.

घरातली वायर तिथून पुढे राखणदाराविना आहे. एमसीबी एसीच्या संरक्षणासाठी नसतो, वायरीच्या संरक्षणासाठी असतो. ही एक गोष्ट पक्की कळली की बाकीचा हिशेब आपोआप सुटत जातो.

टन आणि अँपिअर

टन हा थंडाव्याचा आकडा आहे, विजेचा नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये साडेतीन. दीड टनाचा एसी पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसतो, पण त्यासाठी वीज घेतो दीड ते पावणेदोन किलोवॅट; पाच तारे असतील तर त्याहून कमी. २३० व्होल्टने भागलं की सात-आठ अँपिअर येतात.

हा झाला तोंडी हिशेब. खरा आकडा एसीवरच चिकटवलेला असतो. आउटडोअर युनिटच्या बाजूच्या पत्र्यावर स्टिकर असतं, त्यावर इनपुट पॉवर, रेटेड करंट आणि बऱ्याच मॉडेलांवर कमाल करंट अशा ओळी असतात. वायर ठरवताना कमाल करंट धरायचा. इन्व्हर्टर एसीत, म्हणजे कंप्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या एसीत, रेटेड सात आणि कमाल दहा, असं अंतर सहज असू शकतं. युनिट एकदा ग्रिलबाहेर टांगलं की ते स्टिकर वाचायला कसरत करावी लागते, तेव्हा खोक्यातून निघाल्यावर लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आणखी एक भानगड व्होल्टेजची. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८०वर उतरलं, तर तेच १६०० वॅटचं काम करायला सातऐवजी जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. स्टॅबिलायझर लावला तरी यातून सुटका नाही. तो एसीला २३० देतो, पण त्यासाठी भिंतीतून जास्त करंट ओढतो.

दीडची, अडीचची, चारची

वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात (‘अडीचची’ म्हणजे अडीच चौरस मिमीची), आणि ती फक्त आतल्या तांब्याची, वरच्या प्लास्टिकची नाही. हातात घेऊन ‘चांगली जाड दिसतेय’ म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. वायरीवर ठरावीक अंतराने कंपनी, आकार आणि आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचावा. जुन्या घरातला जुना वायरमन अजून गेजमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या जुन्या क्रमांकात, बोलतो. ‘सात बावीस’ म्हणजे बावीस गेजच्या सात तारा, साधारण पावणेतीन चौरस मिमी. ‘तीन वीस’ म्हणजे वीस गेजच्या तीन, जेमतेम दोन. तीन वीसच्या लाइनला तो अडीचची म्हणत असेल तर त्याच्यावर रागावू नका, पण एसीही जोडू नका.

तांब्यातून करंट गेला की तांबं तापतंच. बोर्डापासून एसी २० मीटरवर आहे असं धरू. जाऊन-येऊन ४० मीटर वायर झाली. दहा अँपिअर चालू असताना दीडच्या वायरीत साधारण ५३ वॅट, अडीचच्या वायरीत ३२ आणि चारच्या वायरीत २० वॅट उष्णता सतत तयार होत राहते. ती जाणार कुठे? आधी प्लास्टिकमध्ये, मग पाइपातल्या हवेत, मग भिंतीत. साध्या पीव्हीसीच्या वायरीत तांब्याचं तापमान कायम ७० अंशांच्या आत राहावं लागतं. त्यावर गेलं म्हणून लगेच आग लागत नाही. प्लास्टिक हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि चार-पाच उन्हाळ्यांनी कधीतरी फेज नको तिथे टेकते.

भिंत किती तापलेली आहे, यावर सगळं

‘अडीचच्या वायरीतून किती करंट जातो?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. आंतरराष्ट्रीय वायरिंग मानकाच्या कोष्टकात भिंतीतल्या पाइपातून जाणाऱ्या फेज-न्यूट्रलच्या एका जोडीसाठी दीडला १७.५, अडीचला २४, चारला ३२ आणि सहाला ४१ अँपिअर दिलेले आहेत. पण त्या कोष्टकाच्या डोक्यावर एक अट असते: आजूबाजूचं तापमान ३० अंश. भारतीय कंपन्यांच्या माहितीपत्रकात आकडे याहून कमी दिसले तर घाबरू नका, तिथे बहुधा ४० अंश धरलेले असतात. आधी ती अट वाचायची, मग आकडा.

आता नागपूर किंवा चंद्रपूर घ्या. मे महिना, वरचा मजला, पाइप स्लॅबमधून गेलेला. बाहेर ४५ अंश असताना दिवसभर उन्हात भाजलेल्या स्लॅबचं तापमान ५० धरणं अजिबात अतिशयोक्तीचं नाही. वायरीची मर्यादा ७० म्हणजे तापायला वाव उरला २० अंशांचा. कोष्टकात तो ४० होता. वाव निम्मा झाला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे करंट निम्मा करावा लागत नाही, तो ०.७१ पट करावा लागतो. म्हणजे २४ची अडीच झाली १७ची, आणि ३२ची चार झाली पावणेतेवीसची. दीडची वायर साडेबारावर आली.

अजून संपलं नाही. बिल्डर पाइप वाचवतात. हॉलच्या आणि बेडरूमच्या एसीच्या वायरी बऱ्याचदा एकाच पाइपातून नेलेल्या असतात, आणि दोन तापणाऱ्या जोड्या एकमेकींना तापवतात. त्यासाठी पुन्हा ०.८ने गुणायचं. अडीच आली साडेतेरावर, चार आली अठरावर.

म्हणजे तीच अडीचची वायर महाबळेश्वरच्या गार भिंतीत एकटी असेल तर वीसच्या एमसीबीखाली आरामात राहील, आणि नागपूरच्या स्लॅबमध्ये जोडीने असेल तर सोळाच्याही खाली बसणार नाही. ‘दीड टनाला अडीच’ हे वाक्य ठोकून सांगणाऱ्याने पाइप कुठून गेलाय, हे विचारलेलं नसतं.

एमसीबीवर काय लिहिलेलं असतं

बोर्डाचं झाकण उघडून एसीचा एमसीबी जवळून बघा. त्यावर ‘सी २०’ असं काहीतरी लिहिलेलं असेल आणि खाली एका चौकोनात ६००० किंवा १०,०००. वीस हा अँपिअरचा आकडा. चौकोनातला आकडाही अँपिअरच, पण वेगळ्या कामाचा: शॉर्ट सर्किटच्या वेळी इतका करंट आला तरी एमसीबी तो सुखरूप तोडू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. राहिलं ‘सी’.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. पहिली म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी, जी तापून वाकते आणि खटका पाडते. ती सावकाश काम करते. दुसरी गुंडाळी, मोठा करंट आला की चुंबक होऊन क्षणात खटका ओढणारी. ‘सी’ हे अक्षर या दुसरीचं. बी प्रकार ३ ते ५ पट करंटला क्षणात पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढतो. तेवढ्याने पडू नये म्हणून एसीला सी लावतात. डीची गरज घरात जवळजवळ कधीच पडत नाही.

पहिल्या पट्टीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. वीसचा एमसीबी वीस अँपिअरला पडत नाही. मानकाप्रमाणे १.१३ पट करंटला, म्हणजे साडेबावीसला, तो तासभर पडताच कामा नये. १.४५ पटीला, म्हणजे २९ अँपिअरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी.

लिफ्टमधल्या ओव्हरलोडच्या घंटेसारखं हे आहे. घंटा दोराच्या आणि मोटरच्या ताकदीवर लावलेली असते, आत कोण उभं आहे यावर नाही. रोज दोनच माणसं जातात म्हणून ती वाढवून ठेवायची नसते, आणि सारखी वाजते म्हणून तिची वायर तोडायचीही नसते.

म्हणून क्रम असा: एसीचा कमाल करंट सगळ्यात लहान, एमसीबीचा आकडा त्याहून मोठा किंवा तेवढाच, आणि तुमच्या भिंतीत, तुमच्या पाइपात वायरीला झेपणारा करंट एमसीबीहून मोठा किंवा तेवढाच. एमसीबी दोघांच्या मध्ये बसला पाहिजे. बसत नसेल तर वायर बदलायची.

“माझा एसी तर आठच अँपिअर घेतो, मग वीस काय आणि बत्तीस काय?”

रोजच्या दिवशी खरंच काही फरक नाही. एमसीबी रोजच्या दिवसासाठी नसतोच. एखाद्या दिवशी कंप्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर मरतो, कंप्रेसर अडकून बसतो आणि पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करत राहतो. किंवा पाहुणे येतात आणि एसीच्या सॉकेटच्या मागून लूप मारून दिलेल्या पॉइंटवर कोणीतरी इस्त्री आणि गिझर एकदम लावतं.

वरचाच आकडा घ्या. तापलेल्या स्लॅबमध्ये दीडच्या वायरीला झेपतात साडेबारा अँपिअर. वर बत्तीसचा एमसीबी. तो ३६ अँपिअर तासभर निवांत जाऊ देईल, मानकच तसं सांगतं. जवळजवळ तिप्पट करंट म्हणजे आठपटीहून जास्त उष्णता. एमसीबी बिघडलेला नाही, त्याला कामच चुकीचं दिलेलं आहे.

शॉर्ट सर्किटचं गणित याहून वाईट. शॉर्टमध्ये किती करंट येणार, हे वायरीच्या एकूण रोधावर ठरतं. बाहेरून घरापर्यंतचा रोध अर्धा ओहम धरू, पुढे ३० मीटरवर दीडची वायर, तिचा जाऊन-येऊन ०.८ ओहम. एकूण १.३. २३० भागिले १.३ म्हणजे १७७ अँपिअर. सी १६ला क्षणात पडायला जास्तीत जास्त १६० लागतात, तो पडेल. सी ३२ला ३२० लागू शकतात. तो कदाचित लगेच पडेल, कदाचित पट्टी तापेपर्यंत काही सेकंद थांबेल, आणि तेवढा वेळ ठिणगी पडद्याशेजारी चालू असेल.

तरीही एमसीबी सारखा पडत असेल तर? मग कारण शोधायचं. कधी एमसीबी जुना होऊन हलका झालेला असतो, कधी त्याचा स्क्रू सैल असून तो स्वतःच तापतो, कधी बंद बोर्डात शेजारी-शेजारी बसलेले एमसीबी एकमेकांना तापवतात. कधी खरंच एसी जास्त करंट घेतोय. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, लावला की दोन मिनिटांत कळतं. त्याच आकड्याचा नवा एमसीबी बसवून बघणं हा पहिला उपाय, मोठा बसवणं हा उपायच नव्हे.

“इन्व्हर्टर एसीला कमी लागतं, साधी वायर चालेल”

इन्व्हर्टर एसी सुरू होताना झटका देत नाही, खोली गार झाली की करंट कमी करतो, हे सगळं खरं. पण दुपारी तीनला तापलेल्या खोलीत तो पूर्ण जोराने चालतो आणि तासन् तास चालतो. वायर तापते ती याच वेळी, भिंतही तेव्हाच तापलेली असते. महिन्याची सरासरी बिलासाठी बघायची, वायरीसाठी नाही.

मग नेमकी कुठली? एक टनाला अडीचची वायर आणि सी १६ बहुतेक घरांत पुरतात. दीड टनाला, पाइप सावलीतल्या भिंतीतून एकटा आणि जवळच असेल, तर तीच जोडी चालते. बाकी सगळीकडे चारची आणि सी २०; तापलेल्या स्लॅबमधून जोडीने गेली असेल तर चारचीलाही सी १६च. दोन टनाला चारच्या खाली जाऊ नये. स्टिकरवरचा आकडा बघून सी २० की २५ ते ठरवावं, आणि २५ ठरला तर उष्ण जागी सहाची वायर टाकावी. नवं घर बांधत असाल किंवा प्लास्टर निघालेलंच असेल, तर प्रत्येक एसी पॉइंटला स्वतंत्र पाइपातून चारचीच वायर टाका, असं माझं सरळ मत आहे. अडीच आणि चारमधला फरक वायरीच्या बंडलापुरता असतो. नंतर भिंत फोडण्याचा खर्च कोणी त्यात धरत नाही.

चारची टाकली म्हणून बिल कमी येईल का? वर पाहिलं तसं अडीच आणि चारमध्ये फरक बारा वॅटचा. रोज आठ तास चालला तरी महिन्याला तीनच युनिट. बिलासाठी नको, वायरीसाठी टाका.

‘एफआर’ वायर असण्याचाही इथे संबंध नाही. एफआर म्हणजे आग पसरू न देणारं प्लास्टिक. त्याने तांबं जाड होत नाही आणि ७० अंशांची मर्यादाही बदलत नाही. ८५ अंशांची उष्णतारोधक वायर वेगळी असते, तिच्यावर तसं छापलेलं असतं.

एमसीबीला न दिसणारी आग

वायर बरोबर, एमसीबी बरोबर, तरी प्लग जळला, हे कसं? सैल जोडामुळे. समजा सॉकेटमधला एक स्क्रू ढिला आहे आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय. आठ अँपिअरचा वर्ग ६४, गुणिले अर्धा, म्हणजे ३२ वॅट. आणि ते ४० मीटरमध्ये पसरलेले नाहीत, नखाएवढ्या जागेत आहेत. प्लास्टिक वितळायला तेवढे पुरतात. करंट मात्र आठच आहे, तेव्हा एमसीबीला तक्रार करायला काही कारणच नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पितळी पिना लवकर काळ्या पडतात, तिथे हे जास्त.

म्हणून एसीला नेहमीच्या सोळा अँपिअरच्या प्लगपेक्षा लोखंडी पेटीतला वीसचा प्लग-सॉकेट, म्हणजे दुकानात ज्याला एसी बॉक्स म्हणतात तो, चांगला. दोन पोलचा एमसीबी त्यातच बसतो, आणि सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडता येतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेन बंद करून प्लग ओढून बघा: पिना काळपट किंवा सॉकेटचं तोंड तपकिरी झालं असेल तर दोन्ही बदला, नुसता प्लग नको. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवण्याबद्दल काही लिहीत नाही, तो चालवू नका एवढंच.

शॉकचं काय?

एमसीबी माणसाला वाचवत नाही. माणसाचा जीव जायला अँपिअरचा काही शतांश भागसुद्धा पुरतो. वीस अँपिअरवर डोळा ठेवून बसलेल्या यंत्राला तेवढा करंट दिसणारही नाही. पावसात भिजलेला आउटडोअर, लोखंडी ग्रिल आणि कपडे वाळत घालणारा ओला हात असा योग आपल्याकडे दर पावसाळ्यात येतो. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक, हिरव्या वायरीने एसीच्या पत्र्यापर्यंत पोचलेलं खरं अर्थिंग. सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. दुसरी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो गेलेला आणि परत आलेला करंट तोलतो आणि फरक पडला की तोडतो. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, त्यामुळे एमसीबीच्या जागी तो चालत नाही, दोन्ही लागतात.

आणि मेन?

एसीची लाइन चोख करून झाली, तरी ती जिथून निघते तो मेन राहतोच. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, किलोवॅटमध्ये. दीड-दीड टनाचे दोन एसी, दोन किलोवॅटचा गिझर, ओव्हन आणि पाण्याची मोटर एकत्र चालू झाली, तर बेरीज सहा-सात किलोवॅटच्या घरात जाते, म्हणजे तीस अँपिअर. मुंबईतल्या जुन्या चाळीत आणि पुण्यातल्या वाड्यात मीटरपासून खोलीपर्यंतची वायर दोन पंखे आणि एक रेडिओ धरून टाकलेली असते, कुठे ती अ‍ॅल्युमिनियमचीही निघते, आणि मीटरशेजारी अजून चिनीमातीचा किटकॅट फ्यूज असतो. त्यात कोणीतरी कधीतरी जाड तांब्याची तार बांधून ठेवलेली असते, आणि तो फ्यूज मग नावालाच उरतो.

भार वाढवण्याचा अर्ज महावितरण, बेस्ट किंवा तुमची जी कंपनी असेल तिच्याकडे करायचा, आणि मीटरच्या पुढचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं. सोसायटीत राहत असाल, तर खालच्या मीटररूममधून वर येणारी वायर किती जाडीची आहे हेही त्याच वेळी बघून घ्या, कारण ती बदलायला सोसायटीची परवानगी लागेल. तेव्हा दुसऱ्या एसीचं बुकिंग करण्याआधी अर्ज करा. एसी दुसऱ्या दिवशी दारात येतो, सोसायटीची मीटिंग येत नाही.